दक्षिणेला एकही टाचणी नाही

८ सप्टेंबर

पुण्याहून येऊन आज दहावा दिवस. डायरी लिहायची मला सवय नाही. पण रोज पुण्याला कंपनीच्या नम्रता मॅडमना जो रिपोर्ट जातो त्यात मनातलं लिहिता येत नाही, आणि घरात कुणाला सांगायला जावं तर अम्मी म्हणते, आधी जेव.

सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, टॉवर उभा राहिला. खाली समुद्र, मागे काजूची कलमं, मध्ये माझी पत्र्याची केबिन आणि वर चार अँटेना. साधा मोबाइल टॉवर समुद्रात दहा-बारा किलोमीटर पोचतो, त्यापुढे आमच्या बोटी गेल्या की गेल्या. आमचे अँटेना तीस किलोमीटर जातात, कारण ते दिव्यासारखे सगळीकडे उजेड पाडत नाहीत, टॉर्चसारखे एकाच बाजूला पाडतात. लांब जायचं तर अरुंद व्हावं लागतं. मॅडमनी मुलाखतीत हेच विचारलं होतं आणि मी बरोबर सांगितलं म्हणून नोकरी मिळाली.

खरं कारण मात्र मुलाखतीत सांगितलं नाही. गेल्या वर्षी अब्बांची बोट इंजिन बंद पडून दोन दिवस बेपत्ता होती. एजाज, माझा मोठा भाऊ, त्यांच्याबरोबर होता. मी पुण्यात फोन लावत बसले होते आणि ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. शोधायला गेलेल्या बोटी दोन दिवस उत्तरेला आचऱ्याकडे फिरत होत्या, आणि अब्बा सापडले पार दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीजवळ. प्रवाहाने नेलं म्हणाले. घरी आल्यावर चहा मागितला आणि झोपले. मी मात्र त्या दोन दिवसांतून अजून बाहेर आलेले नाही. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, बस. मला दुसरं काही नको.

११ सप्टेंबर

आज मच्छीमार सोसायटीत बैठक झाली. सेक्रेटरी गुरुदास यांनी चोवीसही बोटींच्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, बोलावलं होतं. प्रत्येकाला एक डबा दिला. डबा बोटीवर बसवायचा, आल्यावर काढून घरी चार्ज करायचा, त्याची बॅटरी वेगळी, फोन त्याला जोडला की थेट घरी बोलता येतं. सगळ्यांनी डबे घेतले, पण एका अटीवर: बोट कुठे आहे ते डब्याने कुणाला सांगायचं नाही. पुण्यात हे सांगितलं असतं तर लोक हसले असते. मी नकाशाची सोय बंद केली आणि मॅडमना कळवलं की लोक थोडे जुन्या वळणाचे आहेत.

मग मुख्य काम. चार अँटेना चार दिशांना तोंड करून ठेवता येत नाहीत. एका दिशेला दोन लागतात, एक उजवीकडे कललेला, एक डावीकडे. बोट लाटेवर डोलते तेव्हा एकाला नीट ऐकू आलं नाही तर दुसऱ्याला येतं, आणि मशीन दोघांचं ऐकून एक वाक्य जुळवतं. म्हणजे जोड्या दोन आणि दिशा दोनच. कुठल्या, ते तांडेलांनी सांगायचं.

टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला आणि रंगीत टाचण्या ठेवल्या. आधी कुणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघत विड्या विझवत होते. शेवटी दत्तारामकाका उठले. अब्बांच्याच वयाचे, दोघांचं लहानपणी होड्या ओढायचे तेव्हापासून भांडण आणि तेवढीच मैत्री. त्यांनी आचऱ्यासमोर टाचणी लावली. मग अब्बांनी तिच्या शेजारी लावली. आणि मग गर्दीच झाली. आचऱ्यासमोर पंधरा, पश्चिमेला नऊ. दक्षिणेला एकही टाचणी नाही. तिकडे मासे नसतील.

एवढं सोपं काम होईल असं वाटलं नव्हतं. उगाच घाबरले होते.

१३ सप्टेंबर

एक जोडी आचऱ्याकडे, एक पश्चिमेला. नट मी स्वतः आवळले. एजाज खालून ओरडत होता, पडशील गो, अम्मी माका मारतली. काल शुक्रवार, आमच्या बोटी बंद होत्या, आज डबे बसवतायत. उद्या सगळ्या निघतील.

२० सप्टेंबर

काहीतरी चुकतंय.

पहाटे चारला बोटी निघतात तेव्हा माझ्या स्क्रीनवर चोवीसच्या चोवीस हिरव्या. पाच वाजता वीस, साडेपाचला अकरा, सहाला दोन. नंतर दुपारपर्यंत ते दोन ठिपके एकटेच. परतताना पुन्हा एकेक हिरवी होत येते. तीस किलोमीटर राहिले बाजूला, माझा अँटेना मोबाइल टॉवरच्याही मागे पडलाय.

अब्बांची बोट तर सगळ्यात आधी जाते. त्यांना विचारलं, फोन का लागला नाही. म्हणाले, "तुज्या यंत्राक विचार, माका काय विचारतंस?"

केबल बदलली. सगळे जोड उघडून पुसले, कारण खारी हवा तांबं खाते. काही फरक नाही.

२४ सप्टेंबर

आज घरात बोलणी खाल्ली, आणि माझी चूक काय ते अजून पटलेलं नाही.

अब्बा डबा आणि जाळी घेऊन दारातून बाहेर पडत होते. मी नुसतं विचारलं, आज नक्की कुठे जाणार, म्हणजे मी त्या बाजूचा सिग्नल बघून ठेवते. अम्मीने माझ्या हातावर चापट मारली. अब्बा परत फिरले, घोटभर पाणी प्यायले, पाच मिनिटं बसून मग निघाले. ते गेल्यावर अम्मी म्हणाली, "निघतल्या माणसाक खंय म्हणान इचारू नये. इतक्याय शिकलंस ना पुण्यात?"

मी म्हटलं, अगं, मला दिशा हवी असते, मी काही नजर लावत नाहीये. तर म्हणे दिशा त्यांनी टाचणी लावून सांगितली आहे ना. हो, सांगितली आहे. तेच तर.

२ ऑक्टोबर

दुपारी जेवणात तांबोशीचं कालवण होतं. लाल, गोड, काट्यांचा त्रास नाही. मला मासा ताटात आल्यावरच ओळखता येतो, समुद्रातला नाही. अम्मी म्हणाली, खडकातला मासा आहे, आचऱ्याच्या चिखलात मिळत नाही. मग घाईघाईने मला आणखी भात वाढला.

एजाज कुडाळच्या बाजारातून गळ आणि शिशाची वजनं घेऊन आला. महिन्यात तिसऱ्यांदा. म्हटलं, खाताय का वजनं? म्हणाला, अडकतात आणि तुटतात. कशात अडकतात ते काही त्याने सांगितलं नाही.

अब्बांच्या बोटीवर सरकारी यंत्रही आहे, जागा दाखवणारं. ते गेल्या वर्षभरापासून बिघडलंय. मी उघडून बघते म्हटलं तर अब्बा म्हणाले, हात लावू नको, शॉक मारतं. बारा व्होल्टचं यंत्र शॉक मारतं म्हणे. त्यावर गोणपाट घालून ठेवलंय. वायरलेस सेटही बंदच असतो, कारण म्हणे सगळं बंदर ऐकत बसतं. मी त्या यंत्राची ऑनलाइन तक्रार केली आणि अब्बांना सांगितलंही नाही. दुरुस्तीला माणूस आला की खूश होतील.

९ ऑक्टोबर

मॅडमचा फोन आला. आवाज गोड, मजकूर कडू. नोव्हेंबरअखेर निम्म्या तरी बोटी दिवसभर जोडलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर सामान दुसऱ्या किनाऱ्यावर हलवणार. म्हणाल्या, "मुबश्शिरा, गणित बरोबर आहे. मग चूक तुमच्या बसवण्यात असणार."

तीन तास टॉवरवर होते. अँटेना अर्धा अंश खाली वाकवले, मग एक अंश वर. दोन कललेल्यांची अदलाबदल केली. भाड्याची होडी घेऊन स्वतः आचऱ्यासमोर सव्वीस किलोमीटरवर गेले. आणि तिथे सिग्नल कसा होता? कडक. व्हिडिओ कॉल लागला, अम्मीने मला उन्हात टोपी घालायला सांगितलं. पण आजूबाजूला एकही बोट नव्हती. होडीवाला म्हणाला, आज गेले असतील इकडे-तिकडे.

संध्याकाळी एजाजला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, मध्येच हसू दाबत होता. शेवटी म्हणाला, "टॉर्च बरो आसा तुजो. मारतंस खंय ता बग." मी चिडले. इथे माझी नोकरी जायची वेळ आली आणि याला टिंगल सुचते. अडाणी माणसाशी काय बोलायचं.

१७ ऑक्टोबर

कालही सहा वाजता दोन. ते दोघे कोण, ते शोधून काढलं. दोन्ही बोटींचे तांडेल यंदाच नवे झालेत, एक इन्सुली गावचा, इथला जावई, आणि एक त्याचा मित्र. मोठ्या तांडेलांना जे जमत नाही ते या नवख्यांना जमतंय. त्यांना डबा नीट लावता येतो बहुतेक.

मला आता स्वतःवरच भरवसा राहिलेला नाही. रात्री डोळे मिटले की हिरवे ठिपके विझताना दिसतात, आणि सगळ्यात आधी अब्बांचा.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ

नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी नऊला वादळाचा इशारा आला. तोवर बोटी जाऊन पाच तास झाले होते. मी सगळ्या डब्यांना संदेश पाठवला, दोघांना पोचला. बाकीच्यांनी आभाळ बघून स्वतःच तोंड फिरवलं. बारापासून बोटी येऊ लागल्या. वाऱ्याने केबिनचा पत्रा वाजत होता. तीन वाजता तेवीस बोटी आत होत्या. अब्बांची नव्हती.

अम्मी डोक्यावरून पदर घट्ट ओढून सडा चढून आली. तिच्यामागे गुरुदास, दत्तारामकाका आणि एकेक करत जवळजवळ सगळे तांडेल, भिजलेले, केबिनमध्ये मावेनात. मी आचऱ्याची जोडी तपासली, काही नाही. पश्चिमेची, काही नाही. म्हटलं, जोडी फिरवून शोधावं लागेल. पण दहा-दहा अंश फिरवायचं, दर वेळी वर चढायचं, दर वेळी दोन-तीन मिनिटं थांबून ऐकायचं. संध्याकाळ होईल. मी सगळ्यांना विचारलं, अब्बा खरोखर कुठे जातात ते कुणाला माहीत आहे का?

 तेवीस माणसं, माझ्या अब्बांना जन्मापासून ओळखणारी, आणि सगळी आपापल्या पायांकडे बघत होती. मला तेव्हा कुठे कळलं. सव्वा महिना मी टॉवरवर चढून नट आवळतेय आणि चूक नटात नव्हतीच. टाचण्याच खोट्या होत्या. एकूणएक. आपली मासेमारीची जागा कुणी दुसऱ्याला सांगत नाही, सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि मी भर सभेत सगळ्यांना एका नकाशावर ती लावायला सांगितली होती. तांडेलाच्या पोटी जन्मून मला एवढं कळू नये. त्या दोन नवख्यांनी तेवढं खरं सांगितलं, कारण त्यांना अजून लपवण्यासारखी जागाच सापडली नव्हती.

मी ओरडले असेन, आठवत नाही. तेव्हा अम्मी कोपऱ्यातून हळू म्हणाली, "दक्षिणेक फिरव."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती मासे साफ करते, तीस वर्षं त्यांच्या पोटात काय सापडतं ते बघते, तिला कुणी सांगावं लागत नाही. मी पट्टा बांधला आणि वर चढले. दत्तारामकाका खाली शिडी धरून उभे राहिले. पश्चिमेची जोडी सैल करून दक्षिणेला वळवली. पाऊस तोंडावर मारत होता, पाना दोनदा निसटला. खाली गुरुदास स्क्रीन बघून ओरडत होते, नाही, नाही, अजून नाही. चौथ्या वेळी ते काहीच ओरडले नाहीत. मी खाली आले तर अब्बांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. कमजोर, पण होता.

फोन लावला. स्पीकर चालू होता, सगळे ऐकत होते. अब्बांचा आवाज आला. इंजिन बंद, नांगर टाकलाय, पाणी आत येतंय, एजाज उपसतोय, दोघं बरे आहेत. मी विचारलं, अब्बा, कुठे आहात?

ते थांबले. त्यांना माझ्यामागे माणसं ऐकू आली असणार.

"आचऱ्याच्या समोर," म्हणाले. "वीस वाव खोल पाण्यात."

आवाज दक्षिणेला वळवलेल्या जोडीवर येत होता, आचऱ्याच्या जोडीवर काहीच नव्हतं. आचऱ्यासमोरून या जोडीपर्यंत त्यांचा आवाज येऊच शकत नव्हता. मी म्हटलं, "अब्बा, मी दक्षिणेकडून ऐकतेय तुमचं. खरं सांगा. पाणी भरतंय बोटीत."

"आचऱ्याच्या समोर," ते पुन्हा म्हणाले, आणि आवाज तुटला. परत लागला नाही.

अँटेना दिशा सांगतो, जागा सांगत नाही. एक रेघ मिळते, सड्यापासून निघालेली, तीस किलोमीटर लांब. त्या रेघेवर कुठेही माझे अब्बा आणि माझा भाऊ. गुरुदास किनाऱ्यावरच्या पोलिसांना फोन लावून मला विचारत होते, काय सांगू, आचरा सांगू का? त्यांनी स्वतःच आचरा सांगितलं ना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अम्मीसुद्धा. अब्बांचा शब्द धरला तर गेल्या वर्षीसारख्या बोटी उत्तरेला फिरत बसणार, आणि तो मोडायचा तर सगळ्यांसमोर मोडायचा.

मी नकाशा ओढला, पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघ मारली. सगळ्यांसमोर. म्हटलं, ते खोटं बोलतायत. या रेघेवर आहेत.

 मग दत्तारामकाका पुढे आले, आणि रेघेच्या टोकाकडे, निवतीच्या दीपगृहाच्याही बाहेर, त्यांनी बोट ठेवलं. "ह्या रेषेर खडप एकच आसा," म्हणाले. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. "तुजो बापूस थंयच असतलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पण थंयच जातंय. वीस वर्सां."

साडेपाचला ते स्वतःची बोट घेऊन निघाले. आता सव्वासात. त्यांचा डबा हिरवा आहे. अब्बांचा नाही. मी दर पाच मिनिटांनी फोन लावते. अम्मी तसबीह ओढतेय. माझ्याकडून व्हायचं ते होऊन गेलंय, आता करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

२९ ऑक्टोबर

आले. सकाळी सातला, दत्तारामकाकांच्या दोरीला बांधून. एजाजच्या तळहाताची साल निघालीय. अब्बांनी आधी टॉवरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

रडून घेतलं. मग मॅडमना रिपोर्ट पाठवला.

१ नोव्हेंबर

मॅडम भलत्याच खूश आहेत. अँटेना फिरवून बोट शोधली, याच्यावर लेख येणार, माझा फोटो हवाय. फोटोत मागे अँटेना दिसला पाहिजे.

अब्बा माझ्याशी बोलतात, पण जेवण, पाणी, दार लाव, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

५ नोव्हेंबर

सोसायटीने ठराव केला की दोन्ही जोड्या दक्षिणेलाच ठेवाव्यात, कारण तिकडे सिग्नल लागतो हे सिद्ध झालंय. मी म्हटलं, एक तरी पश्चिमेला राहू द्या. गुरुदास म्हणाले, बहुमत आहे. मॅडम म्हणाल्या, आकडे सुधारतील, हरकत काय?

आकडे सुधारले. आज सकाळी सहाला दक्षिणेच्या जोड्यांवर एकोणीस बोटी. दुपारीही एकोणीस. दिवसभर एकही ठिपका विझला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिला अर्धा तास झालाही. मग एजाजचा बोटीवरच्या डब्यावरून फोन आला. त्याने काही सांगितलं नाही, फक्त फोन वर धरला. दुसऱ्या बोटींच्या इंजिनांचा आवाज येत होता, चहूबाजूंनी. माणसं एका बोटीतून दुसऱ्या बोटीत गप्पा मारत होती.

तेवीस माणसांनी माझी रेघ बघितली होती. काकांनी बोट कुठे ठेवलं तेही बघितलं होतं. आणि काकांची जागाही गेलीच की. ते मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, जाऊ दे गो, माणूस महत्त्वाचा. पण उभे राहिले नाहीत.

१२ नोव्हेंबर

आज अब्बा बोलले.

मीच विषय काढला. ओट्यावर बसून जाळं विणत होते. मी म्हटलं, मला माफ करा, पण दुसरं काय करणार होते? तुम्ही बुडत होतात.

सुई थांबली नाही. म्हणाले, "तू बरांच केलंस. माका वाचवलंस, एजाजाक वाचवलंस. मी नाय म्हणूक नाय." मग म्हणाले, "ती जागा माका माज्या बापाशीन दाखवल्यान. मरूच्या आदल्या वर्सा. कागदार लिवक नाय, तोंडान सांगूक नाय, होडयेत बसवन न्हेल्यान आणि थांबवल्यान. मी एजाजाक तशीच देवची होती."

मी विचारलं, आता तिथे मासे?

"एकोणीस बोटी," म्हणाले. "म्हयनोभर. मगे तू सांग."

मी म्हटलं, मी सोसायटीत भांडते, अँटेना वळवायला लावते. ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले, पण कसनुसे. म्हणाले, अँटेना वळेल, माणसांच्या डोक्यातली रेघ पुसेल का? मी तिथेच बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग दुसऱ्या हाताने गाठ ओढून घेतली. त्यांनाही काही करता येत नव्हतं आणि मलाही.

२० नोव्हेंबर

ज्या सरकारी यंत्राची मी ऑनलाइन तक्रार केली होती त्याच्या दुरुस्तीचा माणूस आज आला. यंत्र धडधाकट निघालं. वायर काढून ठेवलेली होती. त्याने ती जोडली, अब्बांनी त्याला चहा दिला, आणि तो कसालच्या फाट्यापर्यंत गेला नसेल तोवर वायर पुन्हा काढली. या वेळी माझ्यासमोरच, लपवाछपवी न करता.

२५ नोव्हेंबर

आज पहाटेपासून चोवीसपैकी चोवीस.

सहाला चोवीस, आठला चोवीस, अकराला चोवीस. पहिल्यांदाच. आणि सगळ्यांत जोरदार सिग्नल कुणाचा, तर अब्बांचा. एवढा कडक की मी दोनदा नाव वाचलं. बाकी सगळे लांबचे दिसत होते, अब्बा मात्र अगदी जवळ. मला वाटलं, जागा गेली तर गेली, आता किनाऱ्याजवळच मासेमारी करायची ठरवलीय. चार तास मी त्या ठिपक्याकडे बघून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. मॅडमना लगेच कळवलं. त्या म्हणाल्या, ग्रेट, हाच आकडा अंतिम रिपोर्टमध्ये घाला, आता सामान तिथेच कायम राहणार.

दोनला न राहवून अब्बांच्या डब्यावर फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. आवाज अम्मीचा.

मला आधी कळेच ना. विचारलं, तू बोटीवर काय करतेयस? ती म्हणाली, बोटीवर कुठली, घरात आहे. डबा तांदळाच्या पिंपावर ठेवलाय. अब्बांनी पहाटे चालू करून ठेवला आणि सांगून गेले, बंद करू नको, चेडवाच्या, म्हणजे माझ्या, नोकरीचा प्रश्न आहे.

मी विचारलं, मग ते? एजाज? दोघं डब्याशिवाय गेले?

गेले.

कुठे?

मी विचारायला नको होतं. पण आता ते दारात नव्हते, समुद्रावर होते, आणि मला राहवलं नाही.  अम्मी म्हणाली, "ह्या खेपेक माकाय सांगूक नाय. आता मासो पण घरात आणूचे नाय म्हणतत. भायरच्या भायर इकतले."

फोन ठेवला. सड्यावरून समुद्र आज अगदी स्वच्छ दिसतोय, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, आणि वाऱ्याने सकाळपासून दिशा बदललीय. टॉवरवर चढून जोडी फिरवावी म्हटलं तर कुठे फिरवू? ऐकायला तिकडे डबाच नाही. चारही अँटेना ठणठणीत आहेत. जोड, केबल, कोन, सगळं बरोबर आहे, मी आज तीनदा तपासलं.

मॅडमचा पुन्हा फोन आला. रिपोर्ट पाचपर्यंत हवाय. चोवीसपैकी चोवीस नक्की ना, विचारलं. मी हो म्हटलं.

आता साडेचार झालेत. तेवीस बोटी परत फिरल्यात. अब्बांच्या नावापुढचा ठिपका हिरवागार आहे, सगळ्यांत जोरदार, आणि आमच्या स्वयंपाकघरातून हलत नाहीये.